गाडीतला १२ इंची सब (सबवूफर, फक्त बेसचा स्पीकर): बेस घुमतो, पण ठोका बसत नाही

हॅचबॅकवाला: डिकीत सील्ड (हवाबंद) खोका, सब ३०० वॉट आरएमएस (सतत पेलणारी ताकद), ४ ओहम. मोनो अँप (एका चॅनलचा अॅम्प्लिफायर) ४ ओहमला ३५० वॉटचा. गेन पाऊण, बेस बूस्ट फुल. ढोलाच्या जागी नुसती घरघर. ड्रायव्हर सीटवर बेस गायब, डिकीमागे उभं राहिलं की दणदणीत. खोका बदलू का?

मल्टिमीटर: खोक्याला हात लावू नका. आधी बेस बूस्ट शून्यावर आणा. १२ डीबी बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात जवळपास १६ पट वॉट. अँप आणणार कुठून? लाटेची डोकी छाटली जातात, सबची कॉइल तापते.

गेन हे आवाजाचं बटण नव्हे, ते स्टिरिओच्या सिग्नलला अँप जुळवण्यासाठी असतं. सबच्या वायरी सोडवा, इंजिन चालू ठेवा, इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, लो-पास (ठराविक हर्ट्झच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर) पूर्ण वर. पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झ, ० डीबीचा टोन लावा, स्टिरिओचा आवाज ४० पैकी ३० वर. अँपच्या स्पीकर टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टला. ३०० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. गेन शून्यापासून हळूहळू चढवा, ३४ दिसले की थांबा.

अठरा एमएम: त्यानंतर लो-पास ८० हर्ट्झवर, दरवाज्याच्या स्पीकरना हाय-पासही (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८०. सीटवर बेस गायब होतो तो बहुधा फेजमुळे: सब आणि दरवाज्यातल्या स्पीकरच्या लाटा उलट्या पडून एकमेकांना खोडतात. ड्रायव्हर सीटवर बसा, दुसऱ्याला फेजचा स्विच ०/१८० फिरवायला सांगा, भरीव वाटेल ते ठेवा. खोका गळतो का तेही बघा. सबचा कोन (हलणारा पडदा) दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबून सोडा; सावकाश वर आला तर ठीक, टुणकन उसळला तर खोक्यावर वायरी जोडायच्या टर्मिनल कपाभोवती सिलिकॉन भरा.

हॅचबॅकवाला: १८० वर बेस पुढे आला! पण ठोक्याला हेडलाइट मिचकतात. दुकानदार कॅपॅसिटर (ठोक्याला क्षणभर वीज पुरवणारा साठा) घ्या म्हणतो.

मल्टिमीटर: पैसे खिशात ठेवा. इंजिन चालू ठेवून ठोक्याला डीसी व्होल्ट मोजा, बॅटरीवर आणि अँपवर. बॅटरीवर १४ आणि अँपवर १२ च्या खाली, तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. अर्थची (अँपपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी) वायर ४५ सेंमीच्या आत, रंग खरवडून पत्रा चकाकेल तिथे. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. वायरीची तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम, ४ गेज (जाडी) लिहिलेलं असलं तरी. बॅटरीवरच व्होल्ट पडत असतील तर बॅटरी आणि अल्टरनेटर तपासा.

अठरा एमएम: आणि अँपच्या वायरीचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीत हवा. अँपजवळचा फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.