टायमिंग बेल्ट तुटला, १४ वर्षांची गाडी ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी,
काल गाडी चालता चालता एकदम बंद पडली, ना धक्का ना धूर. स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा भराभर फिरतंय पण धरतच नाहीये. मेकॅनिक म्हणतो टायमिंग बेल्ट गेला, आता पैसे घालू नका, भंगारात द्या. बॉडी, गिअरबॉक्स ठणठणीत आहे हो, मुलं लहान होती तेव्हापासूनची गाडी, जीव होत नाही. काय करू?

---

ताई, आधी स्टार्टर मारणं बंद करा! भराभर फिरतंय म्हणजे कॉम्प्रेशन होत नाहीये, सिलिंडरमध्ये हवा दाबलीच जात नाहीये.

इंजिन इंटरफिअरन्स आहे का, म्हणजे त्यात पिस्टन आणि उघडे व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात का, ते बघा. तसं असेल तर बेल्ट तुटल्यावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थांबतो, क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) फिरत राहतो आणि वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. नसेल तर नवीन बेल्ट घातला की गाडी बहुतेक चालू होते. माझ्या गाडीचं हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भाग) उघडलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटलेल्या होत्या, आणि काढलेला व्हॉल्व्ह टेबलावर लोळवला तर त्याचं डोकं डुगडुगत होतं, म्हणजे वाकला होता. पण पिस्टन शाबूत होते म्हणून हेडच्या कामावर भागलं.

म्हणून हेड उघडायच्या आधी बेल्ट खुणा जुळवून तात्पुरता चढवायला सांगा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, अडला तर जोर करायचा नाही, आणि मग लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून ती कुठून गळते ते बघायचं. सायलेंसरमधून हवेचा फुसफुस आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेककडून आला तर इनटेकचा. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनही बघून घ्या.

खर्चाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करू नका, सगळे तीच चूक करतात. तितकीच भरवशाची दुसरी गाडी घ्यायला काय लागेल त्याच्याशी करा. खालून चासी गंजली असेल तर मात्र खरंच सोडा.

---

दादा, खूप आभार. टेस्ट झाली, दोन सिलिंडर एक्झॉस्टकडून गळतायत, पिस्टन चांगले आहेत, गंजही नाही. हेडचं काम करून घेतेय. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि वॉटर पंप पण बदलू का?

---

हो, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) पण. पंपाचं बेअरिंग जॅम झालं तर नवा बेल्टही जाईल. आणि जुना तुकडा हातात घेऊन बघा, तेलाने बुळबुळीत असेल तर सील गळतंय, ते आधी बदला.