तालिमखाना आणि मखाना एकच?

शाईदौत: घरगुती औषधांच्या एका हिंदी पुस्तिकेचं मराठी करते आहे. मुळात 'तालमखाना' दुधातून घ्यायला सांगितलाय. मी 'तालिमखाना' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'मखाना' करून ठेवलं. शिवाय गावाकडचे लोक 'कोळसुंदा' म्हणतात. नक्की काय ठेवू?

बांधावरचा: 'मखाना' आधी काढा! त्या मिथिलेच्या तळ्यांतल्या कमळवर्गीय झाडाच्या बियांच्या लाह्या. तालिमखाना अडुळशाच्या कुळातला. बी जेमतेम तिळाएवढं, ओलं झालं की बुळबुळीत. नुसतं तोंडात टाकलं तर टाळ्याला असं चिकटतं की जिभेने सुटत नाही.

मधलीआळी: आमच्या आजोळी भाताच्या खाचरांकडेला, पाणी साचतं तिथे माजायचा. जांभळी फुलं, पेरापेरावर सहा-सहा पिवळट काटे. गुरं तोंड लावत नाहीत. अंगावर सूज आली, लघवी अडली की आजी मुळांचा काढा द्यायची. आम्ही 'कोळिस्ता' म्हणायचो. 'कोळसुंदा' मी तिथे कधी ऐकलं नाही.

धातुपाठ: आयुर्वेदाच्या ग्रंथांत याला 'कोकिलाक्ष' म्हटलंय, तेच लिहा. चरकाने शुक्रशोधन गणात, म्हणजे वीर्य शुद्ध करणाऱ्या औषधांच्या गटात, घेतलेला 'इक्षुरक' हाच. माझ्या मते 'कोळ' हे त्या 'कोकिला'चंच झिजलेलं रूप.

मधलीआळी: आणि मग 'विखरा' कुठून आला? तोही याच झाडाला म्हणतात. काष्ठौषधीच्या दुकानात 'कोकिलाक्ष' मागून बघा, दुकानदार तालिमखान्याचीच बरणी काढेल. ज्या नावाने वस्तू मिळते ते नाव छापायचं.

धातुपाठ: दुकानदारावर भाषा सोडली तर 'मखाना'च छापलं जाईल! अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात वातरक्तावर, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या विकारावर, कोकिलाक्षाचा काढा सांगितलाय, सोबत याचीच भाजी खायची. उपमा काय सुंदर: करुणेच्या सवयीने राग आवरतो, तसा याने वातरक्त. असं नाव टाकून द्यायचं?

बांधावरचा: नाव राहू दे, पण ही भाजी कोणी खाल्ली आहे का? काटे धरायच्या आधीचा कोवळा पाला घेत असणार.

मधलीआळी: आमच्याकडे नाही. शेजारच्या वाडीत करतात असं ऐकलंय, पण ती कदाचित कोरांटीची असेल.

बांधावरचा: काटेकोरांटीची फुलं पिवळी आणि ती कोरड्या जागी येते. पाण्याकाठची असेल तर हाच. वाडीत विचारून सांगा ना, पाला उकळून पाणी काढून टाकतात का?