मदत हवी आहे: शेजारच्या आजींकडच्या सोल संगीताच्या तबकड्या – अस्सल की 'बूट'?

पावसाळी_बोल्टन

नमस्कार मंडळी,

संगीत विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी. विषय आपल्याकडचा नाही, पण जुन्या तबकड्या जमवणारे इथे बरेच जण आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते.

मी इंग्लंडमध्ये बोल्टनला राहते. शेजारी एक आजी आहेत, सत्तरीला टेकलेल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांचे यजमान गेले. दोघंही तरुणपणी दर शनिवारी विगन कॅसिनोला नाचायला जायची. (कॅसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे. डान्स हॉल. दारू मिळायची नाही, रात्रभर नाच आणि सकाळी आठला बाहेर. हे मलाही आजींकडूनच कळलं.) आता माळा आवरताना यजमानांची एक लाकडी पेटी निघाली. त्यात चाळीसेक छोट्या तबकड्या आहेत, ४५च्या स्पीडच्या, बहुतेक अमेरिकन, मधे मोठं भोक असलेल्या.

आजींच्या पुतण्याने कुणा व्यापाऱ्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "निम्म्या बूट असणार, सगळ्याचे मिळून दीडशे पौंड देतो." मला आधी वाटलं पेटीत पायातले बूटही आहेत की काय! मग कळलं की बूट म्हणजे बूटलेग, चोरून काढलेली प्रत.

पुतण्याला विकून मोकळं व्हायचंय. आजी गप्प आहेत. मी म्हटलं आठ दिवस थांबा, विचारून सांगते. चार तबकड्यांबद्दल विशेष शंका आहे:

१. मेजर लान्स, ओके कंपनी, जांभळं लेबल. हातात घेतली तर अगदी हलकी, प्लास्टिकच्या खेळण्यासारखी. म्हणून मला हीच नकली वाटते.

२. ग्लोरिया जोन्स, 'टेंटेड लव्ह', चॅम्पियन कंपनी.

३. एडी फॉस्टर, 'डू आय लव्ह यू'. आजी म्हणतात हे गाणं एडी फॉस्टरचं नाहीच, फ्रँक विल्सनचं आहे. मग लेबलवर दुसऱ्याचं नाव कसं?

४. एक जड तबकडी, एमिडिस्क असं छापलेलं लेबल, गाण्याचं नाव नाही. पेनाने फक्त एक तारीख आणि दोन अक्षरं लिहिलीत.

घरी प्लेअर नाही. नुसतं बघून काही ओळखता येतं का?

---

उगाच_आपलं

दीडशे पौंड! दादरला फुटपाथवर एवढ्यात ट्रकभर आल्या असत्या.

---

खरखर

उगाच_आपलं, तुमचं नाव सार्थ आहे.

पावसाळी, विकायची घाई अजिबात करू नका. पेटी न बघता फोनवर भाव सांगणाऱ्याला तर मुळीच नको. मी पंचवीस वर्षं लँकेशायरात काढली, या नादात घटस्फोट होता होता राहिला, तेव्हा थोडं लांबण लावतो.

आधी हे बूट आले कुठून ते समजून घ्या, मग ओळखणं सोपं जाईल. साठच्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत शेकडो छोट्या कंपन्या सोलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या, तबकड्या काढत होत्या. बहुतेक गाणी पडली आणि माल गोदामात धूळ खात राहिला. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-कारखान्यांच्या गावांतल्या पोरांना नेमकी तीच वेगवान, पडलेली गाणी नाचायला हवी होती. त्यांचे नाचाचे क्लब म्हणजे मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, स्टोकमधलं टॉर्च, ब्लॅकपूल मेका आणि २३ सप्टेंबर १९७३ पासून विगन कॅसिनो. या प्रकाराला 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिलं डेव्ह गोडिन या पत्रकार-दुकानदाराने, आणि तो होता लंडनचा.

आता गंमत बघा. एखादा डीजे एकुलती एक प्रत मिळवायचा आणि गाणं गाजवायचा. हजार पोरांना ते हवं, प्रती मात्र तीन. अशा वेळी कुणीतरी ती तबकडी प्लेअरवर वाजवून टेपवर घ्यायचा, त्यावरून नवा साचा करायचा आणि काहीशे प्रती दाबून घ्यायचा. हाच बूट. काटेकोर बोलायचं तर लेबलसकट नक्कल म्हणजे बनावट प्रत, आणि दुसऱ्याच लेबलवर काढली तर पायरेट. पण इथली मंडळी सगळ्याला सरसकट बूटच म्हणतात.

अमेरिकेत तर फार भीतीही नव्हती. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणाला तिथे केंद्रीय कॉपीराइटच नव्हता, जे काही होतं ते त्या त्या राज्याच्या कायद्यात. शिवाय मूळ कंपनीच बुडालेली, तक्रार करणार कोण? ब्रिटनमध्ये मात्र १९५६च्या कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण होतं. इथे हा सरळ गुन्हाच होता.

मग डीजे लोकांनी युक्ती काढली. लेबलवर कागद चिकटवायचा आणि गायकाचं खोटं नाव सांगायचं. याला 'कव्हर-अप' म्हणतात. खरं नाव कळलं नाही तर बूटवाला आणि दुसरा डीजे मूळ तबकडी शोधणार कशी?

तुमची तिसरी तबकडी हा त्याचाच नमुना आहे, आणि आजी शंभर टक्के बरोबर आहेत. गाणं फ्रँक विल्सनचं. १९६५ साली मोटाउन या डेट्रॉइटच्या बड्या कंपनीच्या 'सोल' नावाच्या उपकंपनीसाठी केलेलं. विल्सन पुढे गायकी सोडून मोटाउनचा गीतकार-निर्माता झाला, तबकडी बाजारात आलीच नाही, नमुना प्रतीही जवळपास सगळ्या नष्ट झाल्या. कित्येक वर्षं जगात दोनच प्रती ठाऊक होत्या. त्यातली एक २००९ साली लिलावात २५,७४२ पौंडांना गेली. विगनला हे गाणं 'एडी फॉस्टर' या खोट्या नावाने वाजायचं. म्हणजे नाव खोटं, माणूस खरा. एडी फॉस्टर नावाचा गायक होता, त्याचं 'आय नेव्हर न्यू' या मंडळींत नावाजलेलं. त्याच्या नावावर हेही खपून गेलं.

अर्थात, लेबलवर एडी फॉस्टर छापलंय म्हणजे तुमची प्रत बूटच. बूटवाल्याला खरा गायक माहीत नव्हता, किंवा ज्या नावाने लोक मागत होते तेच त्याने छापलं. १९७९ मध्ये टॅम्ला मोटाउनने (मोटाउनचं ब्रिटनमधलं लेबल) ब्रिटनमध्ये गाणं रीतसर खऱ्या नावाने काढलं, क्रमांक टीएमजी ११७०. त्यानंतर खोटं नाव छापायचं कारणच उरलं नाही, म्हणून तुमची प्रत बहुधा त्याच्या आधीची असावी. पंचवीस हजार विसरा, पण अशा जुन्या बूटनाही गिऱ्हाईक असतं.

बाकीच्यांबद्दल रात्री लिहितो. तोवर एक काम करा: गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर तिरका टॉर्च मारा आणि काय कोरलंय ते जसंच्या तसं उतरवून घ्या. अक्षरं ठोकलेली आहेत की हाताने ओरखडलेली, हेही लिहा.

---

डोंबिवली_फास्ट

खरखर, मस्त माहिती! तबकडी हलकी असणं ही नकलीची खूण ना? आमच्याकडे बाबांच्या, कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या आहेत, चांगल्या वजनदार आहेत.

---

खरखर

नाही हो, इथेच लोक फसतात. डमडमचं माप अमेरिकेला लावू नका.

अमेरिकेत ४५च्या तबकड्या दोन प्रकारे व्हायच्या. एक व्हिनाइलची, गरम लगदा दोन साच्यांमध्ये दाबून केलेली. यात लेबलचा कागदही सोबतच दाबला जातो, तो पृष्ठभागात बसलेला असतो. दुसरी पॉलिस्टायरीनची, वितळलेलं प्लास्टिक साच्यात सोडून केलेली, बादल्या-मग करतात तशी. ही हलकी, ताठ, काठ सपाट, आणि लेबल मागाहून डिंकाने चिकटवलेलं. म्हणून जुन्या स्टायरीनची लेबलं पोपडे धरतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या आणि कोलंबियाच्या कारखान्यांच्या साठच्या दशकातल्या ४५ मोठ्या प्रमाणात स्टायरीनच्याच.

आणि ओके ही कोलंबियाचीच पोटकंपनी. म्हणून पावसाळी, तुमची "खेळण्यासारखी" मेजर लान्स खरी निघण्याची शक्यता उलट जास्त आहे. बूटवाले बहुधा व्हिनाइलवर दाबून घेत. मूळ तबकडी स्टायरीनची असल्याचं पक्कं माहीत असताना हातात व्हिनाइल आली, तर पन्नास टक्के निकाल तिथेच लागतो.

मेजर लान्स हा इथल्या लोकांचा लाडका. डिसेंबर १९७२ मध्ये टॉर्चमध्ये प्रत्यक्ष गाऊन गेला, त्या कार्यक्रमाची एलपीसुद्धा निघाली. आजींना विचारा, यजमान गेले होते का.

लेबलचा भिंग लावून फोटो काढा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. बूटचं लेबल मूळ लेबलचा फोटो काढून छापलेलं, त्यामुळे बारीक अक्षरं भरलेली, कडा फुगलेल्या, रंग एक छटा इकडेतिकडे. आणि वाजवल्यावर सुरुवातीच्या शांततेत दुसऱ्याच तबकडीची खरखर ऐकू आली (माझ्या नावाचा उगम तोच), तर मग काही बोलायलाच नको.

एमिडिस्क ही गोष्टच वेगळी. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकर नावाच्या मऊ रोगणाचा थर, त्यावर एकेक प्रत कोरायची. छापील माल नव्हे. डीजे लोक दुर्मीळ गाण्याची अशी प्रत कोरून घ्यायचे. थोड्याच वेळा वाजवली की घासून जाते. तिला पाणी, साबण, स्पिरिट काही लावू नका. वाजवायचीच तर एकदाच, चांगल्या सुईवर, आणि त्याच वेळी ध्वनिमुद्रण करून घ्या.

---

पावसाळी_बोल्टन

खरखरकाका (काका चालेल ना?), किती आभार मानू! टॉर्च मारला. मान आखडली.

मेजर लान्स: झेडएसपी अशी अक्षरं, पुढे आकडे आणि शेवटी १ए. सगळं यंत्राने ठोकल्यासारखं एका ओळीत. लेबलचा काठ एका ठिकाणी सुटलाय, खाली डिंकाचा डाग दिसतो.

एडी फॉस्टर: सगळं हाताने ओरखडलेलं, आकडेही वेडेवाकडे. वजनदार, वाकते.

ग्लोरिया जोन्स: थोडं ठोकलेलं, थोडं हाताचं. काही कळेना.

आजींना टॉर्च क्लबमधल्या त्या कार्यक्रमाचं विचारलं. म्हणाल्या, "तो गेला होता, मला नेलं नव्हतं, अजून राग आहे."

---

खरखर

काका चालेल. आजोबा नको.

झेडएसपी आणि शेवटी १ए ही कोलंबियाच्या कारखान्याची पद्धत. त्यात डिंक, वजन, सपाट काठ. न बघता शपथ घेणार नाही, पण माझा कौल अस्सलकडे. पुतण्याला सांगा, ही एकटीच पेटीबाहेर काढून ठेव.

'टेंटेड लव्ह'ला मात्र फोटोवरून हात लावणार नाही. ज्यांना हे गाणं फक्त १९८१च्या सॉफ्ट सेलचं वाटतं त्यांच्यासाठी: मूळ साठच्या दशकातलं, लिहिलं एड कॉबने, आणि होतं बी बाजूला! तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. १९७३ साली रिचर्ड सर्लिंग हा डीजे अमेरिकेतून एक प्रत घेऊन आला आणि वाजवू लागला कुठे? तुमच्याच बोल्टनमध्ये, 'व्हा व्हाज' क्लबात. म्हणजे आजींचं सासर-माहेर जिथलं, तिथूनच ते गाणं वर आलं. पट्ट्यावर ठोकलेलं आणि हाताचं दोन्ही असणं खऱ्या तबकड्यांतही चालतं. हाताचं अक्षर दिसलं की बूट, हा अर्धवट शिकलेल्यांचा नियम आहे. अस्सल असल्याची खात्री असलेली दुसरी प्रत शेजारी ठेवूनच ताडावी लागेल. मँचेस्टर भागात रेकॉर्ड फेअर भरतात, तिथे दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा. विकत घेणाऱ्यालाच किंमत विचारू नका.

आणि विकताना बूटला बूटच म्हणा. माहीत असून अस्सल म्हणून विकलं तर ती फसवणूक ठरते.

---

उगाच_आपलं

एक प्रामाणिक प्रश्न. आजींना सांगणार का, की यजमानांनी जपलेली एडी फॉस्टर नकली आहे? मला तर नसतं सांगवलं.

---

पावसाळी_बोल्टन

मलाही दोन दिवस सांगवलं नाही. मग चहा पिताना हळूच विषय काढला. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, ती बूट आहे हे आम्हाला घेतानाच माहीत होतं. बाल्कनीत पेट्या मांडून बसायचे, त्यांच्याकडून घेतली. आणि एकदा बूट निघाली की मोठे डीजे ते गाणं वाजवायचंच सोडून द्यायचे, बाजारी झालं म्हणून. म्हणून आम्ही दोघं घरी वाजवायचो, स्वयंपाकघरात. फरशीवर पावडर टाकून."

पावडर म्हणजे टाल्कम. पाय घसरावेत म्हणून.

तर ती विकायची नाही असं ठरलं. मेजर लान्सबद्दल म्हणाल्या, "ती खुशाल विका, तिनेच मला घरी बसवलं होतं." ग्लोरिया जोन्स पुढच्या महिन्यात फेअरला नेतोय. पुतण्याही येतोय, आता त्याला भलताच रस आलाय.

आणि काल माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या घरी एमिडिस्क वाजवली, काकांनी सांगितलं तसं एकदाच, फोनवर नव्हे तर नीट ध्वनिमुद्रण करून. आजी सोबत होत्या. त्यांना गाणं ओळखता आलं नाही. पेनाने लिहिलेली दोन अक्षरं कुणाची तेही माहीत नाही, अक्षर मात्र यजमानांचं नाही म्हणाल्या. सुरुवातीला नुसते ड्रम, मग व्हायब्रोफोनसारखं काहीतरी टणटणतं, नंतर बाईचा उंच आवाज, मागे दोन-तीन पुरुष साथीला. अडीच मिनिटांच्या आतच संपतं, आणि शेवटी आवाज विरत जात नाही, तोडल्यासारखा थांबतो. तारीख मार्च १९७३ ची आहे, म्हणजे कॅसिनो सुरू व्हायच्या आधीची.

काका, फाइल व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवू का?

---

खरखर

लगेच पाठवा. जेवण बाजूला ठेवलंय.