केंदाळापासून खत: बचत गटासाठी सल्ला हवा

नदीकाठची_सून
आमचं गाव तेरवाड बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. बंधाऱ्याला बरगे (अडवायच्या फळ्या) घातले, पाणी थांबलं की पंचगंगेत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतंय. उन्हाळ्यात पाणी दिसतच नाही, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला) मुळ्या गुंडाळतात. गटातल्या बायका म्हणतात, काढून खत करूया, विकूया. कुणी केलंय का? टोपल्या पण होतात म्हणे.

पाचटवाला_करवीर
ताई, मी खत करतो, जरूर करा. केंदाळात शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच. टनभर ओढलं तर वाळून पन्नास किलोच्या आसपास उरतं, म्हणून ओलं ट्रॉलीत भरून लांब नेऊ नका. काठावरच पसरून चार दिवस ऊन खाऊ द्या. ओल्याचाच ढीग लावला की आत काळा चिकट गोळा होतो आणि घाण वास सुटतो. देठ कोयत्यानं तोडा, आत स्पंजासारखी जाळी दिसेल. तुकडे केले की लवकर कुजतं. एक थर उसाच्या पाचटाचा, एक केंदाळाचा, वर शेणकाला. पेटवून द्यायचं पाचट इथं सोनं आहे. पंधरवड्यानं पलटी द्या. आत हात धरवणार नाही इतका ढीग तापला पाहिजे; निवल्यावरच गांडुळं सोडा. अडीच-तीन महिने लागतात. आणि फुलं यायच्या आत काढा, बी चिखलात वीस वर्षांपर्यंत टिकतं.

तुमच्या जागेची मात्र मला काळजी वाटते. तेरवाड इचलकरंजीच्या खाली, तिथल्या कारखान्यांचं सांडपाणी तुमच्याकडंच येतं. केंदाळ पाण्यातले जड धातू ओढून घेतं आणि ते जास्त करून मुळ्यांत साठतात. मुळ्या कापून वेगळ्या ठेवा, ढिगात घालू नका, नदीतही परत टाकू नका. पहिलं खत प्रयोगशाळेत द्या आणि जड धातूंची तपासणी वेगळी मागून घ्या. अहवाल हातात येईपर्यंत भाजीपाल्याला एक घमेलंसुद्धा नको.

वेताची_टोपली
आसामात वाळल्या देठांच्या पिशव्या, चटया विणतात. दाटीतले देठच हातभर वाढतात. सुटे तरंगणारे आखूड, फुगीर, ते विणायला चालत नाहीत. वाळवण उन्हाळ्यातच उरका, पावसात बुरशी धरते.

नदीकाठची_सून
मुळ्यांचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, दादा. आमच्या वांग्या-मिरचीलाच घालणार होतो. आता आधी तपासणी. अहवाल चांगला आला तरी पहिल्या वर्षी फुलझाडांच्या रोपवाटिकेलाच देऊ.

पाचटवाला_करवीर
उत्तम. आणखी एक, खताला लागेल म्हणून नदीत केंदाळ राखू नका. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत दुप्पट होतं. मोकळ्या केलेल्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला बांबू आडवे बांधून तरंगता अडसर करा, वाहून आलेलं तिथंच अडेल, रोज सकाळी काढता येईल.