पाणंद, शिवरस्ता, फरशी : खुल्या नकाशावर टॅग कोणता?

चर्चाप्रस्ताव (सातारा)

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर, आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतील गावे भरताना एक विसंगती वारंवार दिसते. तेथे प्रत्येक वस्तूचा प्रकार ‘टॅग’ नावाच्या खुणेने सांगतात आणि ‘हायवे’ म्हणजे लहानमोठा कोणताही रस्ता. एकच रस्ता एका गावाच्या शिवारात ‘हायवे=ट्रॅक’, शेजारच्या शिवारात ‘हायवे=पाथ’ (पायवाट) आणि पुढे डांबर लागले की ‘हायवे=अनक्लासिफाइड’ असा तीन प्रकारांनी नोंदलेला असतो. प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी एकच पाणंद असते. टॅगवर एकमत व्हायचे असेल तर आधी पाणंद कशाला म्हणायचे यावर एकमत व्हावे, म्हणून हा विषय शब्दचर्चेत मांडत आहे.

आमच्याकडे पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना शेतांचे बांध, बांधांवर निवडुंग, घायपात किंवा निरगुडीचे कुंपण आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. वर्षानुवर्षांच्या चाकोऱ्यांमुळे आणि पावसाच्या पाण्यामुळे ती पुष्कळदा शेताच्या पातळीपेक्षा हात-दोन हात खोल गेलेली असते. शब्द स्त्रीलिंगी असून अनेकवचन ‘पाणंदी’ असे होते. सरकारी कागदांत मात्र ‘पाणंद रस्ता’ असा जोडशब्द रूढ झाला आहे. पायवाट बांधावरून किंवा मोकळ्या माळावरून जाते आणि नांगरट झाली की तिची जागाही बदलते, तर पाणंद जागची हलत नाही. गाडीवाटेला कुंपण असलेच पाहिजे असे नाही. शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जातो, मग तो पाणंदीसारखा दिसो वा न दिसो. जुन्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात, यावरूनही हा भेद नवा नाही हे कळते. (अर्थात तो नकाशा समोर ठेवून खुल्या नकाशावर रेघ ओढता येत नाही. परवानगी नसलेल्या नकाशावरून नक्कल करण्यास तेथे मनाई आहे. स्वतः चालून जीपीएसची नोंद घ्यावी किंवा वापरास मुभा असलेले उपग्रहचित्र पाहावे.)

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतानुसार ‘ट्रॅक’ म्हणजे प्रामुख्याने शेतीच्या किंवा जंगलाच्या कामासाठी वापरला जाणारा, चारचाकी वाहन जाऊ शकेल असा रस्ता. त्याचा पृष्ठभाग मातीचा की काँक्रीटचा, हे ‘सर्फेस’ या वेगळ्या टॅगमध्ये सांगायचे असते, आणि तो किती घट्ट वा भुसभुशीत आहे हे ‘ट्रॅकटाइप’च्या ग्रेड 1 ते ग्रेड 5 या श्रेणींनी. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली आणि अशा वाटांवर मुरूम, खडी पडू लागली. खडी पडली म्हणून पाणंदीची पाणंद राहत नाही काय? माझ्या मते राहते. ऊसतोडीच्या हंगामात ज्या वाटेने फक्त ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि शेतकरी जातात, तिच्यावर उद्या काँक्रीट झाले तरी ‘हायवे=ट्रॅक’, ‘सर्फेस=काँक्रीट’, ‘ट्रॅकटाइप=ग्रेड1’ असेच लिहावे, असा माझा प्रस्ताव आहे.

प्रतिसाद (तासगाव)

व्याख्या मान्य आहे. प्रस्ताव अर्धाच मान्य आहे. आमच्या भागात द्राक्षबागांमुळे निम्मे लोक मळ्यात राहायला गेले आहेत. ज्या वाटेला सगळे आजही पाणंद म्हणतात, तिच्या टोकाला दहा-पंधरा घरांची वस्ती असते, दुधाची गाडी सकाळ-संध्याकाळ त्याच वाटेने येते आणि शाळेची गाडीही तिथूनच वळते. तिला ‘ट्रॅक’ म्हटले तर मार्ग दाखवणारी अनेक ॲप तो रस्ता टाळतात किंवा शेवटच्या पर्यायावर ढकलतात, आणि रुग्णवाहिकेचा चालक वस्तीच्या अलीकडे दोन किलोमीटरवर येऊन फोन करत बसतो. अशा पाणंदीला ‘अनक्लासिफाइड’च हवे.

या इंग्रजी शब्दाने आपल्याकडे बराच घोळ घातला आहे. ओपनस्ट्रीटमॅप 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाले आणि रस्त्यांची वर्गवारी तिथल्या व्यवस्थेवरून घेतली गेली. ‘अनक्लासिफाइड’चा अर्थ ‘वर्ग न ठरलेला’ असा घेऊन कित्येकांनी माहीत नसलेल्या सगळ्या वाटा त्यात टाकल्या आहेत. प्रत्यक्षात तो ‘टर्शरी’च्या, म्हणजे मोठ्या गावांना जोडणाऱ्या रस्त्याच्या, खालचा, वाड्या-वस्त्यांना जोडणारा सार्वजनिक रस्ता होय. ज्याचा वर्ग खरोखरच कळत नाही, त्यासाठी ‘हायवे=रोड’ असा तात्पुरता टॅग आहे आणि तो पुढे कुणी तरी पाहून बदलायचा असतो.

भेद ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो : रात्री मुक्कामाला त्या वाटेने घरी जाणारे कुणी आहे का? असेल तर तो ट्रॅक नव्हे. वस्तीसाठी ‘प्लेस=हॅम्लेट’ वापरावे. एक-दोनच घरे असतील तर ‘आयसोलेटेड ड्वेलिंग’. नुसत्या मळ्याला, जिथे मोटारीची खोली आणि झाडाखाली बाज यापलीकडे काही नाही, पण ज्याचे नाव सगळ्या गावाला ठाऊक आहे, ‘प्लेस=लोकॅलिटी’ पुरे.

आणखी एक गोष्ट. ‘नेम’च्या रकान्यात ‘पाणंद’ असे नुसते लिहिलेले पुष्कळ ठिकाणी आढळते. ते काढावे. त्या रकान्यात विशेषनाम येते, जातिवाचक नाम नव्हे. गावात ‘पाटलाची पाणंद’ असे म्हणत असतील तर ते खरे नाव आहे आणि पूर्ण लिहावे. गावांच्या नावांनाही हेच लागू आहे : पाटीवर ‘बु.’ आणि ‘खु.’ असले तरी नकाशात बुद्रुक आणि खुर्द पूर्ण लिहावे, कारण नावे संक्षिप्त न करण्याचा तेथे स्पष्ट संकेत आहे. आमच्या जिल्ह्यात कवठे एकंद, कवठे महांकाळ आणि कवठे पिरान आहेत. तुमच्या सातारा जिल्ह्यातही वाठार स्टेशन, वाठार किरोली आणि वाठार निंबाळकर आहेतच. नुसते ‘कवठे’ किंवा ‘वाठार’ ज्याने लिहिले, त्याने शोधणाऱ्याला कुठेच पोहोचवले नाही. बोलीतले छोटे नाव ‘लोक नेम’ (loc_name, स्थानिक नाव) या रकान्यात द्यावे.

प्रतिसाद (दहिवडी)

रस्त्यांत मी पडत नाही, पण ओढ्याविषयी लिहितो. ओलांडायला धडधाकट माणसाची एक उडी पुरते तो ‘स्ट्रीम’ आणि पुरत नाही ती ‘रिव्हर’, असा ओपनस्ट्रीटमॅपवरचा ठोकताळा आहे. माण तालुक्यात मे महिन्यात माणगंगेच्या पात्रातून चपला न भिजवता पलीकडे जाता येते, म्हणून ती ओढा ठरत नाही. पात्राची रुंदी पाहावी, लोक तिला नदी म्हणतात की ओढा हे विचारावे आणि ‘इंटरमिटंट=येस’ (वर्षातला काही काळच वाहते) जोडावे. शेताकडे पाणी नेणारा पाट ‘स्ट्रीम’ नव्हे. तो माणसाने काढलेला आहे. ‘नाला’ शब्द शहरात सांडपाण्यासाठी आणि पाणलोटाच्या कामात ओढ्यासाठी, असा दोन्हीकडे चालतो, म्हणून शब्दावर न जाता प्रवाह पाहावा.

प्रतिसाद (मिरज)

वापर पाहून टॅग ठरवावा हे तत्त्व बंधाऱ्यांना लावून पाहिले की अडचण कळते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला सगळे ‘केटी’ म्हणतात, तो म्हैसाळला आहे आणि कृष्णा-वारणेवर इतरत्रही आहे. पावसाळा संपला की दगडी खांबांमधल्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) टाकून पाणी अडवतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घेतात. म्हणजे वर्षातले काही महिने तो अडथळा असतो आणि काही महिने नुसते खांब. ‘वॉटरवे=डॅम’ ही पाणी वरून जाऊ नये अशा भिंतीची खूण आहे; ‘वॉटरवे=विअर’ ही पाणी वरून जाऊ शकेल अशा आडभिंतीची. केटीला ‘विअर’ लावावे, कारण पुरात पाणी त्याच्या डोक्यावरून जाणार हे गृहीत धरूनच तो बांधलेला असतो.

खरी गोम मात्र वरच्या रस्त्याची आहे. बऱ्याच केटींवरून दुचाकी जाते, काहींवरून जीपही. तो भाग नकाशात साधा ‘ब्रिज=येस’ म्हणून नोंदला गेला, तर ॲप ऐन पावसाळ्यातही त्यावरूनच वाट दाखवते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका हे आकडे सांगलीच्या पोरासोरांनाही पाठ आहेत, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलेले सर्वांनी पाहिले. पण बंधारे आणि फरशा पाण्याखाली जातात त्या इशाऱ्याच्या पातळीच्या कितीतरी आधी. त्यासाठी ‘ब्रिज=लो वॉटर क्रॉसिंग’ असा नेमका टॅग आहे आणि सोबत ‘फ्लड प्रोन=येस’ द्यावे. ओढ्यावरचा फरशी पूल, ज्याच्या खाली नळे आहेत आणि जो पुरात बुडतो, तोही याच वर्गात बसतो. जिथे नळेच नाहीत, नुसती काँक्रीटची फरशी ओढ्याच्या पात्रात टाकली आहे आणि पाणी असले की ते वरूनच वाहते, तिथे ‘फोर्ड=येस’. मोरी निराळी : तिच्यासाठी रस्त्याला नव्हे, खालच्या प्रवाहाला ‘टनेल=कल्व्हर्ट’ लावतात.

बोलताना या तिन्हींना लोक ‘फरशी’ म्हणतात, म्हणून गावात विचारताना ‘खालून पाणी जाते का?’ असेच विचारावे.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर (सातारा)

तासगावकरांचा मुक्कामाचा प्रश्न मी स्वीकारतो. वस्तीपर्यंत ‘अनक्लासिफाइड’ आणि वस्तीच्या पुढे शेतात गेलेला तुकडा ‘ट्रॅक’, अशी एकच पाणंद दोन भागांत तोडण्यास हरकत नाही. एकाच घराच्या अंगणापर्यंत जाणारा खासगी फाटा असेल तर मात्र ‘सर्व्हिस’.

‘हायवे=पाणंद’ असा आपलाच नवा टॅग करावा, असे एका सदस्याने खासगीत सुचवले आहे. तेथे हवा तो टॅग लिहिण्याची मुभा असल्यामुळे कुणी अडवणार नाही. पण तो कुठल्याही ॲपला कळणार नाही आणि रस्ता नकाशावर उमटणारच नाही. शब्द टिकावा असे वाटत असेल तर ‘डिस्क्रिप्शन’मध्ये मराठीत लिहावा : दोन्ही बाजूंना घायपात, पावसाळ्यात चिखल, ट्रॅक्टरशिवाय जाऊ नये. एवढी माहिती वाटसरूला पुरेशी आहे.

शिवरस्त्याबाबत वर लिहायचे राहिले. दोन गावांची हद्द आणि शिवरस्ता एकाच जागी दिसतात, म्हणून अनेकांनी रस्त्याचे बिंदू हद्दीच्या रेषेलाच जोडून टाकले आहेत. उद्या कुणी रस्त्याचे वळण सुधारले की गावाची हद्दही त्याबरोबर सरकते. दोन्ही रेषा वेगळ्या काढाव्यात, आणि आधी जोडलेल्या असतील तर हद्दीला हात न लावता रस्ताच सोडवून घ्यावा.