मदत हवी आहे: कॉब्लर वरून करपतो आणि आत उकडीचा थर राहतो!

नमस्कार मंडळी, शनिवारच्या आत उत्तर हवंय म्हणून घाईत टायपतेय, शुद्धलेखनाकडे बघू नका.

तर माझी भाची येतेय अटलांटाहून, सोबत तिचा नवरा, तो तिकडचाच, जॉर्जियाचा, म्हणजे पीचसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यातला. लग्नात या मुलाने मांडी घालून बसून चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, तेव्हापासून घरात सगळ्यांचा लाडका आहे. भाचीकडून कळलं की उन्हाळा म्हटलं की त्याला आजीच्या हातचा पीच कॉब्लर आठवतो. झालं, माझ्या अंगात आलं. जावई पहिल्यांदा पार्ल्याला येतोय तर आपण करूच म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉब्लर म्हणजे खाली साखर घालून फळं, वर पिठाचे गोळे, आणि सगळं एकत्र बेक करायचं. माझ्या रेसिपीत वरच्या थराला 'बिस्किट टॉपिंग विथ नट्स' म्हटलंय. मी सासूबाईंना एवढंच सांगून बाजारात गेले आणि परत येऊन बघते तर त्यांनी मारीचे दोन पुडे मिक्सरला फिरवून ठेवलेले! त्यांचं तरी काय चुकलं, पार्ल्यात उभं आयुष्य काढलेल्या बाईला बिस्किट म्हणजे काय ते मी सांगणार? ती पार्लेची बिस्किट फॅक्टरी २०१६ ला बंद झाली तरी आमच्या पिढीला स्टेशनवर उतरलं की तो वास आठवतोच. असो. तिकडचं बिस्किट म्हणजे मऊ, पदर सुटलेला, बिनअंड्याचा छोटा पाव म्हणा, एवढं मला नंतर कळलं.

आता मी काय केलं ते सांगते. साधारण ६०० ग्रॅम पीच (हिमाचलचे, भैयाने गोड आहेत म्हणून दिले, दगड निघाले), दोन हापूस, मूठभर चेरी, पाऊण वाटी साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर. वरती दीड कप मैदा, अर्धा कप अक्रोडाची पूड, बेकिंग पावडर, बटरचं १०० ग्रॅमचं अख्खं पाकीट, आणि ताक. आठ इंची अॅल्युमिनियमचा केकचा डबा, २८ लिटरचा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन), २०० डिग्री.

वीस मिनिटांत वरून काळं. अक्रोड कडू. सुरी घालून पाहिलं तर खाली मोदकाच्या उकडीसारखा चिकट थर, आणि त्याच्याही खाली फळांचं नुसतं कढण. हापूस तर वाया गेला, दोरे दोरे आणि आंबट. वर मे महिन्याची मुंबई, मैदा उडतो म्हणून पंखा बंद ठेवलेला, बटर चोळायला घेतलं तर हातात तेलच झालं. नवऱ्याने एक घास खाऊन "छान आहे, पण हे नक्की काय आहे" विचारलं.

कुठे चुकलं सांगा ना प्लीज. अक्रोड टाळायचे नाहीयेत, त्याच्या आजीच्या रेसिपीत पीकान (अक्रोडासारखाच तिकडचा सुका मेवा) असतात, ते इथे परवडत नाहीत म्हणून अक्रोड.

गिरगावचा खवय्या
मावशी, मे महिन्यात मुंबईत येणाऱ्या जावयाला पीच? आमरस-पुरी करा आणि शांत झोपा.

धागाकर्ती
आमरस आहेच हो! तो दुपारी. हे रात्रीचं आहे.

ओटीजी पीडित, ठाणे
ताई, तुमचं वाचून मला माझाच पहिला कॉब्लर आठवला. माझ्या मते तुमच्या तीन चुका एकमेकींच्या गळ्यात पडल्यात. गार फळांवर पीठ घातलं की वरून रॉडची आच लागते आणि खालून फक्त वाफ, म्हणजे वरचं भाजतं आणि खालचं उकडतं, तुम्ही उकड म्हणालात ते अगदी बरोबर आहे. म्हणून आधी नुसती फळं १५-२० मिनिटं ओटीजीत ठेवा, कडेने बुडबुडे आले की बाहेर काढा आणि मग त्या गरम फळांवर पीठ घाला. पीठ थापून झाकण केल्यासारखं पसरू नका, चमच्याने छोटे छोटे गोळे टाका, मधे बोटभर जागा सोडा. वाफेला बाहेर पडायला वाट हवी. शिवाय तसं खडबडीत दिसतं म्हणूनच त्याला कॉब्लर म्हणत असावेत असं मला आपलं वाटतं, फरसबंदीसारखं.

दुसरं, ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो. जाळी खालून दुसऱ्या खाचेत लावा, १८०-१९० ठेवा, रंग आला की वर फॉईल टाका पण घट्ट दाबू नका. आणि तो आकडा खरा मानू नका, माझ्या ओटीजीत २०० लावलं की आत २२५ असतं, ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवल्यावर कळलं. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला मॅडम सगळ्यांचं असंच असतं.

तिसरं, कॉर्नफ्लोअर एक चमचा अगदीच कमी. किलोभर फळांना दोन टेबलस्पून लागतंच. आणि ते नुसतं गरम होऊन उपयोग नाही, मधोमध रटरट उकळी फुटली पाहिजे, तुमच्याकडे कडेला उकळलं असेल आणि मधे नाही. बाहेर काढल्यावरही अर्धा तास हात लावू नका, कस्टर्डसारखं निवताना आळतं.

आजीचा स्वयंपाक
अगं अॅल्युमिनियमच्या डब्यात आंबट फळं? आमच्या आईने चिंचेचा कोळ तसल्या पातेल्यात ठेवल्याबद्दल मला बडवलं होतं. धातूची चव उतरते. काचेचं पसरट भांडं घे, दोन-अडीच इंच खोल, उभट नको.

आणि हापूस शिजवायचा विचार तुला सुचला तरी कसा? आमच्याकडे साखरांबा कैरीचाच करतात, ते उगीच का? आच लागली की त्याचा वास पहिला जातो. आंबा कापून गार करून शेजारी वाढ. कॉब्लरात आलुबुखार घाल, त्याला अंगचा आंबटपणा आणि रंग असतो. बाजारात आत्ता आलेत. पीच दगड असतील तर कागदी पिशवीत दोन दिवस ठेव, मऊ होतील, गोडी मात्र वाढणार नाही, ती साखरेनेच भरून काढ.

ओटीजी पीडित, ठाणे
+१ आजी. फळांना साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवलं तर पाणी सुटतं, ते गॅसवर आटवून परत घालायचं. जरा कटकट आहे पण कढण होत नाही.

माप में राहो
काकू, कप कुठला घेतलात? चहाचा असेल तर तिथेच गडबड. तिकडचा कप साधारण २४० मिली, त्यात मैदा १२०-१२५ ग्रॅम बसतो. वजनानेच घ्या सरळ. अजून एक, त्यांच्या रेसिपीत बटरमिल्क असतं ते आपल्या ताकापेक्षा बरंच दाट, आपलं जेवणातलं ताक घातलं की पीठ सैल होणारच. दही घुसळून अगदी थोडं पाणी घाला. तुमचं बटर मिठाचं असेल तर वेगळं मीठ नको.

अक्रोडाची पूड नका करू. अर्धा कप पूड म्हणजे पिठातला बराच भाग बिनचिकटाचा झाला, मग ते धरून राहत नाही. १५० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅम अक्रोड जाडसर कुटून, आणि ते पिठाच्या पोटात, वर नाही. वर ठेवले की जळून कडू. तसे न भाजताच कडू लागत असतील तर खवट झालेत. या हवेत अक्रोड डब्यात बाहेर ठेवले की महिन्याभरात वास मारतात, फ्रीजरला ठेवा. नाहीतर आपला वेंगुर्ल्याचा काजू आहेच, तुकडा काजू घ्या, स्वस्त पडतो.

बटरचं म्हणाल तर हाताने चोळूच नका. फ्रीजरमधून काढून किसणीवर किसा, काट्याने मिसळा, वाटी परत दहा मिनिटं फ्रीजरला. बटरचे तुकडे ओव्हनमध्ये वितळायला हवेत, हातात नाही. त्यातली वाफ सुटते तेव्हाच पदर येतात.

गिरगावचा खवय्या
पूर्वी आम्ही नानकटाईचा मालमसाला घेऊन बेकरीत जायचो, भट्टीवाला ट्रे भाजून द्यायचा. कोणी देतं का अजून तसं? कॉब्लर बघून त्याचा चेहरा बघायला आवडेल.

धागाकर्ती
थांबा थांबा, रिपोर्ट देते. काल रात्री परत केला, अर्ध्या मापाने. आलुबुखार आणि पीच, काचेचं भांडं, फळं आधी गरम केली, बटर किसलं (किसणी धुताना फार वैताग आला हे कोणी सांगितलं नाही), दही, अक्रोड पोटात. १९० वर ३५ मिनिटं. सोनेरी रंग आला, आणि खालचा रस मधासारखा दाट, जांभळट लाल! फक्त अगदी मधला एक गोळा आत जरा ओलसर होता, तो नवऱ्याला दिला. सासूबाईंनी चमच्याने टॉपिंग उचलून खालून पाहिलं, इडली बघतात तसं, आणि म्हणाल्या, "वेलची घाल थोडी." घालणार आहे. दालचिनीपेक्षा आलुबुखाराला वेलची बरी लागेल.

ओलसर गोळ्याचं काय करू? आणि दुसरा प्रश्न, शनिवारी माणसं नऊ आहेत आणि ओटीजीत एकच भांडं मावतं. एकामागून एक लावायचे तर दुसऱ्याचं पीठ तोवर ओट्यावर ठेवलं तर चालेल का?

ओटीजी पीडित, ठाणे
मधे गोळाच टाकू नका, कडेने गोल लावा, मधे फळं दिसू देत. तयार झालाय का ते रंगावर नाही, गोळा उलटून पाहायचं, खालची बाजू कोरडी आणि जाळीदार हवी.

माप में राहो
भिजवलेलं पीठ बाहेर ठेवू नका काकू, दही लागलं की बेकिंग पावडर कामाला लागते, दुसऱ्या भांड्यापर्यंत दम संपेल. मैदा, अक्रोड, बटर एवढं मिसळून फ्रीजमध्ये ठेवा, पहिलं भांडं बाहेर आलं की मगच दही घाला. दुसऱ्याची फळं गॅसवर कढईत गरम करून घ्या, तेवढाच ओटीजीचा वेळ वाचेल.

धागाकर्ती
कढईचं भारी सुचवलंत! फ्रीजमध्ये सध्या पन्ह्याच्या दोन बाटल्या, श्रीखंडाचा डबा आणि आमरसाचे आंबे आहेत, वाटीपुरती जागा करते कशीतरी. सासूबाई विचारतायत त्या मारीच्या चुऱ्याचं काय करायचं. कोणाला सुचत असेल तर तेही सांगा.