बॉयलर बदलायचाय: वूस्टर बॉश, वेलंट की व्हीसमन?

रेडिंगकरीण
घर १९३०च्या दशकातलं, तीन बेडरूमचं सेमी, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं. घर तापवणारा १७ वर्षांचा गॅस बॉयलर आठवड्यात दोनदा बंद पडला. सासूबाई स्वेटरवर शाल घेऊन स्वयंपाकघरात बसून होत्या. तीन प्लंबर येऊन गेले, तिघांचे तीन ब्रँड आणि प्रत्येकाचं म्हणणं, हाच घ्या. कॉम्बीच हवा, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणारा. माझा कल वूस्टरकडे, कारण गल्लीत चौघांकडे तोच आहे.

लेस्टरचा भाऊ
डोळे मिटून वूस्टर. कुठल्याही प्लंबरला तो उघडता येतो, पार्ट लगेच मिळतो. व्हीसमन कागदावर देखणा, पण आमच्याकडे त्याला हात लावणारा माणूस शोधावा लागतो. थंडीत बॉयलर बंद पडला की कार्यक्षमता चाटायची का?

कंडेन्सेट
भाऊ, पार्टचं मान्य. पण ताई, पत्रकावरच्या ९२ टक्के कार्यक्षमतेला भुलू नका. इंग्लंडमध्ये २०१८ पासून नव्या गॅस बॉयलरला तेवढी लागतेच. ते पास होण्यापुरते मार्क आहेत. धुरातल्या वाफेचं पाणी झालं तरच तिची उष्णता परत मिळते, आणि त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली हवं. प्लंबर फ्लो, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी, ७५ अंशांवर ठेवून निघून जातो. मग जर्मन घ्या नाहीतर हल शहरातला आयडियल, वाफ धुराड्यातून बाहेर.

लेस्टरचा भाऊ
आणि फ्लो ५५ वर ठेवून जुन्या घरात कुडकुडायचं? आमच्या रेडिएटरला त्यात ऊबच येत नाही.

कंडेन्सेट
सहाला लावून सातला ऊब मागितली तर नाहीच येणार. लवकर सुरू करा, जास्त वेळ चालू ठेवा. कडाक्यात ६५ करा, कोण अडवतंय? एखादी खोली तरीही गार राहिली तर तिथला रेडिएटर मोठा घ्या.
ब्रँडमधला खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. बॉयलर किती खाली उतरून जळू शकतो? अशा घराला बऱ्याच दिवशी पाच-सहा किलोवॅट पुरतात. त्याहून खाली जो येत नाही तो सारखा चालू-बंद होत राहतो. तीस किलोवॅट लागतात ते आंघोळीला: थंड पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला साधारण १२ लिटर. म्हणून मोठा आकडा बघू नका, लहान आकडा विचारा. आणि कंट्रोल कुठला चालतो तेही. वेलंट कंट्रोलशी स्वतःच्या ईबस नावाच्या भाषेत बोलतो, म्हणजे थर्मोस्टॅटही बहुतेक त्यांचाच घ्यावा लागतो.

स्लावची मावशी
आमचा ब्रँड नामांकित होता, नाव घेत नाही. कंडेन्सेटची, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारी, नळी बारीक आणि उघडी ठेवलेली. पहिल्याच कडक थंडीत ती गोठली, गुडगुड आवाज आला आणि बॉयलर बंद. रात्री नऊला मी अंगणात किटलीतलं कोमट पाणी ओततेय! वॉरंटी दहा वर्षांची, पण एका वर्षी सर्व्हिस राहिली होती, त्यांनी हात वर केले. ताई, नळी किती जाड, तिला लॅगिंग (थंडीपासून वाचवणारं वेष्टण) आहे का, जुने रेडिएटर धुऊन मॅग्नेटिक फिल्टर लावणार का, हे आधी लिहून घ्या. नाव मागाहून.

उष्णकटिबंधीय
हीट पंपाला ७,५०० पौंड अनुदान असताना गॅसचं काय कौतुक?

रेडिंगकरीण
हीट पंपाला लागणाऱ्या गरम पाण्याच्या टाकीला जागा नाही हो. होती तिथे आता सासूबाईंचं देवघर आहे.
तिन्ही प्लंबरांना फोन केले. फ्लो किती ठेवणार विचारल्यावर वूस्टरवाला म्हणाला, "७५, मग तक्रार येत नाही." व्हीसमनवाल्याने अजून उलट फोन केलेला नाही. वेलंटवाला मात्र शनिवारी खोल्या आणि रेडिएटर मोजायला येतोय. भाव सगळ्यात जास्त त्याचाच, पण बहुधा त्यालाच हो म्हणेन.

लेस्टरचा भाऊ
म्हणा. पार्ट अडला तर मला फोन करू नका!

रेडिंगकरीण
करणार. सासूबाईंनाच बोलायला देईन.